ग्रामसभेत शाळेचा नाहीतर दवाखान्याचा प्रश्न मांडायचाय? इमारत नंतर, आधी माणूस मागा

गावात शाळेचा किंवा सरकारी दवाखान्याचा विषय निघाला की चर्चा कुठं जाते ते सगळ्यांना माहितीये. सरपंच म्हणतात हे झेडपीचं काम, झेडपीचा माणूस म्हणतो पदच मंजूर नाही, आमदारांचे कार्यकर्ते म्हणतात साहेबांनी दोन खोल्या दिल्या की, आणि विरोधी पॅनेल म्हणतं त्या खोल्या गळतात, आणि मग अर्धा तास खोल्या कोणी बांधल्या आणि ठेकेदार कोण होता यावरच भांडण. दोन शिक्षकांच्या शाळेत एकच शिक्षक आहे हा मूळ मुद्दा तिथंच राहतो. म्हणून हा लेख. वर्षानुवर्षं हे बघून माझं मत एकच झालंय, गावाने इमारत मागायची सवय सोडावी आणि माणूस मागायला शिकावं, म्हणजे शिक्षक, नर्स, डॉक्टर, लॅबवाला, गाडीचा ड्रायव्हर. इमारतीसाठी निधी कुठून ना कुठून येतो, आमदार निधी आहे, जिल्हा नियोजन समिती आहे, आणि भूमिपूजनाला नारळ फोडता येतो म्हणून पुढाऱ्यांनाही त्यात रस असतो. पद भरायला नारळ लागत नाही, त्यामुळे त्याच्यामागे लागणारं कोणी नसतं, ते गावालाच लागावं लागतं. कसं ते सांगतो.

आधी ठरवा की प्रश्न कोणाच्या टेबलावरचा आहे

निम्मे अर्ज चुकीच्या ऑफिसला जातात आणि तिथंच मरतात. झेडपी शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाखाली, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, खाली विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख. अंगणवाडी मात्र शिक्षण विभागाकडे नाही, ती महिला व बालविकासकडे, तालुक्याला सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी, मॅडम किंवा साहेब. आरोग्य उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे पीएचसी झेडपीकडे, तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. पण ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय झेडपीकडे नसतं, ते थेट राज्याच्या आरोग्य खात्याचं, तिथं जिल्हा शल्य चिकित्सक म्हणजे सिव्हिल सर्जन. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाही म्हणून झेडपी सदस्याला कितीही धरलं तरी त्याच्या हातात काही नाही, आणि तो बिचारा हो बघतो म्हणत राहणार. तिथं आमदाराला धरा, कारण खातं राज्याचं आहे.

आणि झेडपीत सगळीकडे निवडून आलेले सदस्यच असतील असंही समजू नका, २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या, त्या काळात शिक्षण समिती, आरोग्य समिती काहीच नव्हतं, सगळं सीईओंकडे, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. आपल्या जिल्ह्यात आत्ता काय परिस्थिती आहे ते बघून पत्राचा पत्ता ठरवा.

मग कागद. तोंडी आकड्यांना कोणी विचारत नाही

शाळेसाठी तीन कागद मिळवा. पहिला शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, आणि त्यावरची चालू वर्षाची माहिती, मुलं किती, शिक्षक किती, खोल्या किती. दुसरा त्या वर्षाची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर आहेत तो तक्ता. तिसरा शाळा व्यवस्थापन समितीच्या सभांचं इतिवृत्त आणि शाळा विकास आराखडा. मुख्याध्यापकांकडे हे सगळं असतं आणि नीट बोललात तर बहुतेक वेळा देतातही, कारण शिक्षक कमी असल्याचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे १, आणि वर्गाला किमान एक तरी शिक्षक, त्यात गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींना माणूस पाहिजे. पण राज्याच्या संचमान्यतेचे निकष वेगळे निघतात, १५ मार्च २०२४ च्या जीआरनुसार सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी मुलं असतील तर तिथं पदच मंजूर करायचं नाही असं ठरलं, यावरून राज्यभर शिक्षक संघटनांनी आंदोलनं केली. म्हणून तुमच्या गावाच्या कागदावर दोन आकडे शेजारी शेजारी लिहा, कायद्याने किती पाहिजेत आणि संचमान्यतेत किती दिलेत. पद मंजूर असून रिकामं असेल तर भांडण झेडपीशी, आणि पदच मंजूर नसेल तर भांडण राज्य सरकारशी. हा फरक ज्या गावाला कळला त्या गावाला कोणी या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरवू शकत नाही.

आणि एक गोष्ट जी पालकांना कोणीच सांगत नाही. संचमान्यतेसाठी मुलं मोजतात ती ३० सप्टेंबरच्या पटावरून, आणि त्यातही ज्यांचं आधार जुळलंय तीच मुलं धरली जातात. नावात काना-मात्रा वेगळा, जन्मतारीख वेगळी, की आधार इनव्हॅलिड, आणि मूल रोज वर्गात बसतं तरी सरकारच्या हिशोबात नाही. अशी पाच-सात मुलं निघाली की एक शिक्षक जातो. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्येच शाळेतून इनव्हॅलिड मुलांची यादी घ्या आणि गावात आधार दुरुस्तीचा कॅम्प लावायला तहसीलला पत्र द्या, नाहीतर दोन-तीन गाड्या करून पालकांना सेंटरवर न्या. हे काम बाकी कुठल्याही मोर्चापेक्षा जास्त फळ देतं असं माझं ठाम मत आहे. बीड, अहिल्यानगर, जालना भागात जिथं ऊसतोडीला कुटुंबं जातात तिथं दिवाळीच्या आसपास पट रिकामा होतो, तिथं तर सप्टेंबरचा पट पक्का असणं आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत जाणं या दोन्ही गोष्टी बघाव्याच लागतात.

दवाखान्यासाठी कागद वेगळा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून पीएचसी आणि त्याखालच्या उपकेंद्रांची पदांची यादी मागा आणि त्यात चार रकाने पाहिजेत असं स्पष्ट लिहा, मंजूर, भरलेली, रिक्त आणि प्रतिनियुक्तीवर. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कागदावर डॉक्टर भरलेला असतो, पगार इथून निघतो, माणूस मात्र प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करतो, आणि रिक्त पदाची यादी मागितली की उत्तर येतं शून्य. नर्सबाईंचं आणि आरोग्यसेवकाचंही तसंच.

कागद तोंडी मागून मिळाला नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमात १५० शब्दांची मर्यादा आहे ती पाळा, नाहीतर त्या कारणावरूनच अर्ज परत येतो. "शाळेची दुरवस्था का आहे" असं विचारू नका, का या प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, नोंद मागा. उदाहरणार्थ, "अमुक पीएचसी व त्याखालील सर्व उपकेंद्रांतील मंजूर, भरलेली, रिक्त व प्रतिनियुक्तीवरील पदांची पदनामनिहाय यादी आणि प्रतिनियुक्तीच्या आदेशांच्या प्रती." तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, २० रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाला फी लागत नाही.

ग्रामसभेच्या आधी गावातल्या गावात

हा भाग कोणी लिहीत नाही पण खरं काम इथं होतं. गावात पॅनेल असतात, भावकी असते, मागच्या निवडणुकीचा राग असतो. विषय ज्या गटाकडून येतो त्याला दुसरा गट विरोध करतो, मग तो विषय शाळेचा असला तरी. म्हणून ठरावाचा सूचक एका पॅनेलचा आणि अनुमोदक दुसऱ्या पॅनेलचा घ्या, हे आधी घरी जाऊन, चहा पिऊन, ठरवून. सरपंचांना अंधारात ठेवून सभेत एकदम विषय काढू नका, त्यांना वाटतं आपल्याला उघडं पाडायला आलेत आणि ते बचावाच्या पवित्र्यात जातात. त्यांना आधी सांगा की हा ठराव तुमच्याविरुद्ध नाही, तुमच्या सहीने वर जाणार आहे आणि काम झालं तर नाव तुमचंच होणार आहे. होऊ द्या की नाव.

दुसरं, महिला ग्रामसभा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, पण बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते. ती खरोखर घ्यायला लावा. बाळंतपणाला रात्री गाडी मिळाली नाही, उपकेंद्राला कुलूप होतं, पाचवीनंतर मुलगी घरी बसली, हे विषय मोठ्या सभेत पुरुषांसमोर निघत नाहीत, महिला सभेत निघतात, आणि तिथं ठराव झाला की मोठ्या ग्रामसभेत तो मांडावाच लागतो. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना बोलवा पण त्यांच्या तोंडून तक्रार वदवून घेऊ नका, त्यांना त्याच साहेबांखाली काम करायचंय. माहिती त्यांच्याकडून, आवाज गावाचा.

ग्रामसभा

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. नोटीस सात दिवस आधी निघते. तुमचा विषय त्या नोटिशीत आला पाहिजे, म्हणून त्याआधीच ग्रामसेवकांना, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऐनवेळच्या विषयात टाकू असं म्हणतील, नको म्हणा, ऐनवेळचे विषय येईपर्यंत लोक उठून गेलेले असतात. गणपूर्ती लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी असेल तो. कोरम नसला की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, पण तिथं मूळ नोटिशीतलेच विषय चालतात, म्हणजे परत तेच, विषय नोटिशीत पाहिजे. तुम्ही पालक म्हणून शंभर माणसं आणलीत तर तहकुबीचा प्रश्नच येत नाही.

सभेत बोलणारा एकच माणूस ठरवा, दोन आकडे आणि एक मागणी, पाच मिनिटं. मागच्या सरपंचाने काय केलं, कोणी काय खाल्लं, हा विषय कोणी काढला तर त्याला तिथंच सांगा की तो वेगळा विषय आहे, आधी हा ठराव. ठराव घरूनच लिहून न्या. "शाळेला शिक्षक मिळावेत असे सर्वानुमते ठरले" अशा ठरावाचं पुढं काहीच होत नाही. असा लिहा:

"मौजे अमुक येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, यू-डायस क्रमांक अमुक, येथे इयत्ता १ ली ते ५ वीत ६४ विद्यार्थी शिकत असून शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार ३ शिक्षक आवश्यक आहेत. प्रत्यक्षात १ शिक्षक कार्यरत आहे. उर्वरित २ पदे अमुक तारखेपर्यंत भरावीत व तोपर्यंत केंद्रातील शाळेतून तात्पुरता शिक्षक द्यावा. केलेल्या कार्यवाहीचा लेखी अहवाल पुढील ग्रामसभेत ठेवण्यात यावा. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकारी, गटविकास अधिकारी, शिक्षणाधिकारी प्राथमिक व मुख्य कार्यकारी अधिकारी यांना सात दिवसांत पाठवावी. सूचक अमुक, अनुमोदक अमुक."

आकडा, तारीख, कोणाला पाठवायचं आणि अहवाल परत कुठं यायचा, या चार गोष्टी असल्या की ठराव जिवंत राहतो. सभा संपायच्या आधी तो प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला का ते डोळ्याने बघा, नंतर लिहितो म्हटलेले ठराव नंतर वेगळेच निघतात. चार दिवसांत सही-शिक्क्याची नक्कल मागा.

पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, राहत असाल तर तुमची ताकद याहून मोठी आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनी पाड्यालासुद्धा स्वतःची ग्रामसभा करता येते, आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना येतो, त्यातून आरोग्य-शिक्षणाची कामं घेता येतात.

ठराव झाल्यावर

पहिला महिना शांतपणे थांबा, दुसऱ्या महिन्यात स्मरणपत्र. तिथूनही काही नाही आलं तर शाळेसाठी एक रस्ता आहे जो फार कमी लोक वापरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे झेडपीकडे, लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. अर्जावर "कलम ३२ अन्वये तक्रार" असं ठळक लिहा, मग तो नुसता निवेदनाच्या गठ्ठ्यात जात नाही. दुसरा रस्ता जिल्ह्याचा लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला, अर्ज पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. तिसरा आमदार. आमदाराला नुसतं निवेदन आणि फोटो नको, विधानसभेत प्रश्न मागा, आणि तो अधिवेशनाच्या महिना-दीड महिना आधी द्या कारण प्रश्न आधीच दाखल करावे लागतात. पदाचा आकडा आणि आदेशाची प्रत जोडून दिली तर त्यांच्या पीएला प्रश्न तयार करणं सोपं जातं आणि मग तो खरोखर जातो.

शाळाच बंद करायला निघाले तर

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून जास्त शाळा आणि त्यातली पावणेदोन लाखांवर मुलं हा आकडा सगळीकडे चर्चेत होता. नमुना म्हणून पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दाखवलं गेलं. यावर गावात दोन मतं असतात आणि दोन्हीत दम आहे, सात मुलांना एक शिक्षक चार इयत्ता एकत्र शिकवतो हे काही चांगलं शिक्षण नाही, मोठ्या शाळेत सोबती मिळतात, खेळ मिळतात. पण माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून पाठवायचं असेल तर ती सोय म्हणायची नाही, आणि बस बंद पडली की पहिली घरी बसते ती मुलगी, हे प्रत्येक तालुक्याने बघितलंय.

तर अशा वेळी काय करायचं. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीला शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटरच्या आत पाहिजे. अंतर मोबाईलवरच्या सरळ रेषेत मोजू नका, पायवाटेने मोजा, वाटेत ओढा, हायवे, जंगल, खाण काय लागतं त्याचे फोटो काढा, पावसाळ्यातले खास करून. मग अंगणवाडीच्या रजिस्टरवरून ० ते ६ वयाची मुलं मोजा आणि पुढच्या पाच वर्षांत पहिलीत किती येणार याचा वर्षवार तक्ता करा, आज पट ११ असला तरी तीन वर्षांनी तो २५ होणार असेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. गावातली किती मुलं व्हॅनने इंग्रजी मीडियमला जातात तेही लपवू नका, त्या पालकांना भेटा, शिक्षक आला तर इथं घालाल का विचारा आणि हो म्हणतील त्यांच्या सह्या घ्या. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, समायोजनाला, म्हणजे शाळा दुसऱ्या शाळेत मिसळायला, समितीची संमती आहे असं दाखवणारा कागद नकळत सह्या घेऊन तयार होऊ शकतो, म्हणून सदस्यांना आधीच सांगून ठेवा की वाचल्याशिवाय सही नाही.

दवाखान्याचं थोडं वेगळं

नवीन पीएचसी पाहिजे ही मागणी प्रत्येक निवडणुकीत होते. नियम सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येला एक पीएचसी, उपकेंद्र ५ हजार आणि ३ हजाराला. मंजुरी आरोग्य खात्याच्या बृहत आराखड्यातून, म्हणजे कुठं कोणतं केंद्र हवं याच्या मोठ्या आराखड्यातून येते, आणि मग इमारतीची मंजुरी वेगळी आणि पदनिर्मिती वेगळी. इमारत बांधून उभी आणि पदं नाहीत म्हणून कुलूप, अशी केंद्रं राज्यात कितीतरी आहेत. तुमच्या भागात नवीन मंजुरी आली की पहिल्या दिवशी विचारा, पदनिर्मितीचा प्रस्ताव गेला का, त्याचा जावक क्रमांक काय.

बाकी जे आहे ते चालवायला लावणं जास्त गरजेचं. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथं सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, ते कोणत्या वारी कुठं आहेत हे फळ्यावर लिहायला लावा. गावातल्या चार जणांनी महिन्यातून एकदा पीएचसीत जाऊन बघावं, सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का, कुत्रा चावल्याची लस आहे का, १०२ ची गाडी आणि ड्रायव्हर आहे का, रात्री बाळंतपण होतं का की पुढं पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत, तरी कोणी पैसे मागितले तर तारीख-वार लिहून ठेवा. हे असं गावाने बघायचं काम राज्यात २००७ पासून लोकाधारित देखरेख म्हणून झालेलं आहे, पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ते सुरू झालं, गावकऱ्यांनी गुणपत्रक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी समोर उत्तर द्यायचं. तीच पद्धत तुम्ही ग्रामसभेत वापरू शकता, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन बोलवा. रुग्ण कल्याण समितीची सभा कधी झाली आणि पैसे कशावर खर्च झाले तेही विचारा, त्या समितीत तुमचे लोकप्रतिनिधी असतात.

मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावातच, राहण्याचा वाद दर ग्रामसभेत येतो, २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या घरभाड्याचा विषय काढल्यावर तर गावोगावी त्यावर भांडणं झाली. नर्स आणि डॉक्टर रात्री गावात पाहिजेत हे अगदी खरं, बाळंतपण घड्याळ बघून येत नाही. पण मग त्यांना राहायला क्वार्टर आहे का, त्यात पाणी-लाईट-संडास आहे का, एकटी बाई तिथं सुरक्षित आहे का हेही गावाने बघावं, आणि क्वार्टरची दुरुस्ती हे एक असं बांधकाम आहे जे मी नक्की मागा म्हणेन. शिक्षकाच्या बाबतीत मात्र तो कुठं राहतो यापेक्षा शाळा भरायच्या वेळेला हजर आहे का आणि मुलांना वाचता येतं का यावर ग्रामसभेने वेळ घालवावा.

निवडणूक आली की

झेडपी गटाचे उमेदवार दारात येतील तेव्हा शाळा सुधारणार का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, आपल्या गटात शिक्षकांची किती पदं रिकामी आहेत ते माहितीये का. पीएचसीतला कोणता डॉक्टर प्रतिनियुक्तीवर गेलाय आणि तो आदेश रद्द करायला पहिल्या तीन महिन्यांत कोणाला पत्र देणार. मार्चच्या झेडपी बजेटमध्ये सेस फंडातून, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या निधीतून, शाळांसाठी काय मागणार. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच कट्ट्यावर बोलवता आलं तर उत्तम, नाहीतर प्रश्न छापून द्या आणि उत्तर लेखी घ्या. निकालानंतर जो कोणी निवडून येईल त्याच्या हातात तोच कागद, ठरावाची नक्कल आणि पदांची यादी पहिल्या आठवड्यात द्या, आणि फाईलची एक झेरॉक्स हरलेल्या उमेदवारालाही द्या, झेडपीत प्रश्न विचारायला लावणारा दबाव गावात त्याच्याकडूनच येतो.